सही न करणारा



मघाशी एका वक्त्यांनी ठणकावलं, की यादवीच्या काळात जो हात आखडता घेतो तो भेकड. टाळ्या कडाडल्या. मी वाजवल्या नाहीत. का, ते सांगतो. माइक आता माझ्या हातात आहे.

राल्फ व्हर्नी नावाचा इंग्रज खासदार होता. मतदारसंघ आयल्सबरी. सभागृहात मांडीवर घडीचे कागद ठेवून पेन्सिलीनं टिपणं काढायची याची खोड. 4 जानेवारी 1642 रोजी राजा पहिला चार्ल्स पाच सभासदांना धरायला शिपाई घेऊन आला, त्या दिवसाचंही टिपण त्यानं ठेवलंय. त्याच वर्षी राजा आणि पार्लमेंट यांच्यात युद्ध पेटलं. राल्फ पार्लमेंटकडे राहिला. वडील, सर एडमंड, राजाकडे. आणि गंमत बघा, राजाचं म्हणणं म्हाताऱ्याला पटलेलं नव्हतंच! पण जवळजवळ तीस वर्षं ज्याचं मीठ खाल्लं, त्याला ऐन वेळी सोडायचं कसं? ऑक्टोबरमध्ये एजहिलच्या लढाईत राजाचं निशाण सांभाळताना ते मारले गेले. निशाणाची काठी घट्ट धरलेला नुसता हात सापडला म्हणतात. मला ही कथा सांगायला आवडते, मी ती खरी मानत नाही.

आता सांगा, बाप समोरच्या फौजेत असताना जो आपल्या जागेवरून हलला नाही, तो कुंपणावरचा?

पुढच्या वर्षी स्कॉटलंडची फौज मदतीला हवी म्हणून पार्लमेंटनं तिकडच्यांशी धर्मसुधारणेचा करार केला आणि सभासदांना त्याची शपथ घ्यायला लावली. इथं राल्फ अडला. राजाशी भांडण कबूल, पण मनाला न पटलेल्या शपथेवर सही नाही. बायकामुलांसह फ्रान्स गाठलं. 1645 मध्ये खासदारकी गेली, इस्टेटीवर जप्ती आली. जप्ती कुणी आणली? राजानं नव्हे, स्वतःच्याच पक्षानं.

ती उठवायला त्याची बायको मेरी लंडनला आली. पोटुशी असताना तिनं समितीवाल्यांचे उंबरठे झिजवले, मूल इंग्लंडातच झालं आणि गेलंही. 1648 मध्ये जप्ती उठली. दोन वर्षांनी ब्ल्वा गावी क्षयानं ती वारली. एका सहीची किंमत तिनं मोजली, आणि आपल्या वक्त्यांना मात्र लढाया तेवढ्या पाठ!

हे सगळं आपल्याला कळतं, कारण या घराण्यानं चिठ्ठीचपाटी टाकली नाही. तीस हजारांवर पत्रं क्लेडनच्या वाड्यात राहिली. त्यांतून या घराण्याचा इतिहास लिहिला तो फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या थोरल्या बहिणीनं, ती त्या घरची सून.

आज सकाळी मंडपाच्या दारात एका कार्यकर्त्यानं माझ्यापुढे सहीसाठी पत्रक धरलं. म्हटलं, वाचू तरी द्या. तो म्हणाला, "वाचायचं काय त्यात सर, सगळ्यांनी केलीय." पत्रक अजून माझ्या खिशात आहे. पहिला परिच्छेद मला मान्य आहे. दुसऱ्यावर ज्यांना भांडायचंय, त्यांनी चहाला माझ्या टेबलाशी यावं.