सही करण्यापूर्वी : हृदयाची किरणोत्सर्गी ताण-तपासणी



आम्ही डॉक्टर नव्हे. आमचे शिक्षण झाले ते गेटसभांत आणि सार्वजनिक वाचनालयात. परंतु करारावर सही करण्यापूर्वी कलम न् कलम वाचून घ्यावे, ही आम्हां कामगारांची शिस्त आहे. इस्पितळातला संमतीचा कागद हाही एक करारच. त्याची कलमे आज आपण वाचू.

यंत्र रिकामे फिरत असता दोष लपतो. भार पडला की उघडा होतो. हृदयाचेही तसेच. म्हणून विश्रांतीच्या वेळी एकदा आणि भाराखाली एकदा, अशी हृदयाची चित्रे घेतात. शिरेतून अल्पसा किरणोत्सर्गी पदार्थ, बहुधा टेक्नेशियम, टोचतात. रक्त पोहोचते तेथे तो पोहोचतो आणि कॅमेऱ्याला दिसतो. भाराखालीच एखादा भाग फिका दिसला, तर रक्त कमी पडते असा संशय. दोन्ही वेळा फिका दिसला, तर तेथे जुना व्रण असू शकतो. मात्र तिन्ही धमन्या सारख्याच अरुंद असल्या तर चित्र फसवे निघू शकते.

भार दोन प्रकारे देतात : चालत्या पट्ट्यावर चालवून, किंवा चालणे जमत नसेल तर औषधाने. ॲडेनोसीनसारख्या औषधाचा परिणाम कॅफीन अडवते. म्हणून आधी किमान १२ तास, पुष्कळ ठिकाणी २४ तास, चहा, कॉफी, कोला वर्ज्य. डोकेदुखीच्या काही गोळ्यांतही कॅफीन असते. सकाळचा कटिंग चहा घेतला की तपासणी पुढे ढकलली जाते, आणि रोजंदारीवाल्याचा दुसरा खाडा पडतो! दमा असेल तर आधी सांगावे. नेहमीची औषधे आपल्या मनाने बंद करू नयेत. कोणती थांबवायची ते डॉक्टरांना विचारावे. मधुमेह्याने उपाशीपोटी इन्सुलिनचे काय करावे, हेही विचारून ठेवावे. गर्भवती आणि अंगावर पाजणाऱ्या भगिनींनी संकोच न करता तसे सांगावे.

आता किरणांचे भय. टेक्नेशियमचा जोर दर ६ तासांनी निम्मा होतो. एका तपासणीत सुमारे १० मिलिसीव्हर्ट मात्रा मिळते. निसर्गातून माणसाला वर्षाकाठी सरासरी २.४ मिळते. म्हणजे भिण्याजोगे नाही, पण उगाच पुनःपुन्हा घेण्याजोगेही नाही. थॅलियम वापरल्यास मात्रा अधिक. तो विभाग चालविणारे कामगार तर रोज या पदार्थाजवळ असतात. त्यांच्या छातीवरचा मात्रा मोजणारा बिल्ला शोभेचा नव्हे. आपल्या देशात त्यांच्यासाठी पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसीव्हर्टची मर्यादा आहे, आणि ती पाळली जाते की नाही हे पाहणे संघटनेचे काम आहे.

शेवटचे कलम सर्वांत मोठे. “या तपासणीच्या निकालाने माझ्या उपचारात काय बदलेल?” हे डॉक्टरांना नम्रपणे पण अवश्य विचारा. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या ‘इस्केमिया’ या अभ्यासात ५,१७९ रुग्ण होते. त्यांचा आजार स्थिर होता, पण ताण-तपासणीत रक्तपुरवठ्याचा मध्यम वा तीव्र दोष दिसला होता. डाव्या मुख्य धमनीत मोठा अडथळा असणारे त्यातून वगळले होते. औषधांच्या जोडीला लगेच अँजिओग्राफी करून स्टेंट वा बायपास केल्याने, आधी औषधांवरच ठेवलेल्यांच्या मानाने मृत्यू कमी झाले नाहीत. छातीत दुखणाऱ्यांना आराम मात्र अधिक पडला. म्हणजे चित्रात दोष दिसला की त्याच दिवशी घर गहाण टाकलेच पाहिजे असे नाही. विचार करावयास बहुधा वेळ असतो.

पण बसल्या जागी छाती आवळून आली, घाम फुटला, तर या तपासणीची तारीख पाहत बसू नका. तडक इस्पितळ गाठा.

प्रश्न विचारणे हा उद्धटपणा नव्हे. ज्याचे हृदय, त्याचा तो हक्क आहे. तो बजावा, आणि शेजाऱ्यालाही बजावावयास शिकवा, एवढे सांगून आम्ही आपली रजा घेतो.