परदेशीं इंग्रजी शिकविण्याचा परवाना

इंग्रजी उत्तम येतें, पदवी आहे, शिकविण्याचा अनुभव आहे. मग परदेशांतील एखाद्या शाळेंत नोकरी मिळण्यास अडचण ती कोणती, असा प्रश्न मुंबई-पुण्याकडील पुष्कळ सुशिक्षित घरांतून ऐकूं येतो. अडचण असते ती ज्ञानाची नव्हे, परवान्याची. नोकरी देतो तो शाळाचालक. परंतु देशांत राहून काम करण्याची अनुज्ञा देतें तें तेथील सरकार, आणि त्या सरकारला उमेदवाराचें इंग्रजी ऐकण्याचा प्रसंग बहुधा येतच नाहीं. तें कागद पाहतें. कागदांतहि प्रत्येक देश निराळीच गोष्ट शोधीत असतो. दक्षिण कोरिया आणि जपान या दोन शेजाऱ्यांचे नियम जवळ जवळ ठेवून पाहिले म्हणजे हें चांगलें ध्यानांत येतें.

दक्षिण कोरियांत परभाषेचें संभाषण शिकविण्यासाठीं 'ई-२' नांवाचा व्हिसा आहे. इंग्रजीकरितां तो सात देशांच्या नागरिकांसाठीं राखलेला आहे : अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका. यांपैकीं एका देशाचा पासपोर्ट आणि कोणत्याहि विषयाची पदवी असली कीं मुख्य अट पुरी झाली. कॅनडाचा नागरिक असलेला वनस्पतिशास्त्राचा पदवीधर सोलमधील खाजगी शिकवणीवर्गांत, ज्यास तिकडे 'हागवॉन' म्हणतात, इंग्रजी शिकवूं शकतो. पुण्याच्या प्रशालेंत पंधरा वर्षें इंग्रजीचे वर्ग घेतलेल्या बाईंना मात्र तें दार बंद आहे. दक्षिण आफ्रिकेंत घरीं इंग्रजी बोलणारे लोक दहांत एकाहूनहि कमी आहेत, हें लक्षांत घेतलें म्हणजे या यादीचें तर्कशास्त्र भाषेपेक्षां पासपोर्टावरच अधिक उभें आहे असें म्हणावें लागतें.

या भिंतीला भारतीयांपुरती एक खिडकी आहे, आणि ती पुष्कळांस ठाऊक नसते. भारत व दक्षिण कोरिया यांच्यामध्यें २००९ सालीं व्यापक आर्थिक भागीदारीचा करार झाला व १ जानेवारी २०१० पासून तो अमलांत आला. पोलाद आणि मोटारी यांच्या जकातीची चर्चा करणाऱ्या त्या करारांत इंग्रजीच्या सहायक शिक्षकांचाहि उल्लेख आहे. पदवी आणि इंग्रजी विषयाची शिक्षकी पात्रता असलेल्या भारतीय नागरिकास कोरियांतील प्राथमिक अथवा माध्यमिक शाळेंत सहायक म्हणून काम करण्याचा मार्ग त्यामुळें मोकळा झाला. खाजगी वर्गांचा मार्ग यांत येत नाहीं. शिवाय अट किती विषम आहे पाहा : सात देशांच्या नागरिकास जेथें नुसती पदवी पुरते, तेथें भारतीयास बी. एड्. सारख्या पात्रतेचा पुरावा द्यावा लागतो. आणि करारानें दार उघडलें तरी आंत बोलावणारी शाळा मिळावी लागतेच.

जपानची दृष्टि वेगळी. तेथील शाळांत सहायक म्हणून परभाषा शिकवावयाची असेल तर 'शिक्षक' या वर्गाचा निवासाधिकार लागतो, आणि त्याची अट अशी कीं, जी भाषा शिकवावयाची तिच्याच माध्यमांतून निदान बारा वर्षें शिक्षण झालेलें असावें. येथें जन्म किंवा पासपोर्ट आड येत नाहीं. पहिलीपासून इंग्रजी माध्यमांत शिकलेली ठाण्याची मुलगी बारावीच्या निकालासरशीं ही एक अट पुरी करते. दहावीपर्यंत मराठी शाळेंत शिकून पुढें इंग्रजी हाच विषय घेणाऱ्याचा हिशेब मात्र पाहण्यासारखा आहे. अकरावी-बारावीचीं दोन वर्षें, बी. ए. चीं तीन, एम. ए. चीं दोन, बी. एड्. चीं दोन, सर्व इंग्रजींतून झालें असें धरलें तरी बेरीज नऊच येते. इंग्रजीचें व्याकरण ज्यानें कष्टानें, बाहेरून आंत शिरून शिकून घेतलें, तोच तें दुसऱ्यास समजावून देण्यास अनेकदां अधिक योग्य असतो. परंतु ही योग्यता मोजण्याचें माप दोन्ही सरकारांपाशीं नाहीं.

पुढील मार्ग दोहोंकडे बराचसा सारखा आहे. अगोदर नोकरीचा करार व्हावयाचा. मग तेथील संस्थेनें आपल्या सरकारकडे अर्ज करावयाचा. आणि त्याची मंजुरी हातीं आल्यावर उमेदवारानें वकिलातींत जावयाचें. जपानकडून येणाऱ्या पात्रतापत्राची मुदत साधारण तीन महिन्यांची असते. कोरियासाठीं पदवीपत्र आणि पोलिसांचा दाखला यांवर 'अ‍ॅपोस्टील' नांवाची मोहोर लागते. १९६१ सालच्या हेग येथील करारान्वयें ही पद्धति निघाली. भारतांत ती १४ जुलै २००५ पासून लागू झाली, कोरियांत बरोबर दोन वर्षांनीं त्याच तारखेस. पदवीपत्र प्रथम राज्य शासनाकडून प्रमाणित करून घ्यावें लागतें, तेव्हां परराष्ट्र मंत्रालयाची मोहोर मिळते. पोलिसांचा दाखला पासपोर्ट कार्यालय देतें.

कोरियांत पोंचल्यावर वैद्यकीय तपासणी असते. २००७ पासून या शिक्षकांवर एच्. आय्. व्ही. च्या चाचणीचीहि सक्ति होती. न्यूझीलंडच्या एका शिक्षिकेनें तीस हरकत घेतली, प्रकरण संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेदविरोधी समितीपर्यंत गेलें, २०१५ सालीं तेथें तिच्या बाजूनें निर्णय झाला, आणि २०१७ मध्यें ती सक्ति उठली.

'ई-२' व्हिसा ज्या संस्थेच्या नांवें निघाला तिच्याशींच बांधलेला असतो. संस्था बदलणें किंवा फावल्या वेळीं दुसरीकडे शिकविणें अनुज्ञेवांचून चालत नाहीं. म्हणून 'आधीं पर्यटकाच्या व्हिसावर या, पुढचें पाहूं' असें सांगणाऱ्या मध्यस्थास पैसे मोजणें घातक ठरतें. तसें काम बेकायदा होय. पकडला जातो तो शिक्षक, आणि पुढील प्रवेशास मुकतो तोहि शिक्षकच.

येथील नोकरीचा राजीनामा व्हिसा पासपोर्टावर उमटल्याखेरीज देऊं नये. जपानचा विचार असेल तर शिक्षणाच्या माध्यमाचा दाखला मात्र आजच शाळेंतून मागून घ्यावा. शाळा बंद पडतात, दुसऱ्या शाळेंत विलीन होतात, दप्तरें हलविलीं जातात. आणि पंचवीस वर्षांपूर्वींचा वर्ग कोणत्या भाषेंत भरत होता हें सांगणारा कागद मग कोणाच्या सहीनें मिळवावयाचा, हा प्रश्न टोकियोंतील अधिकारी सोडवीत बसत नाहीं.