विजेची मोटार मागविताना



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यास वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हापासून उन्हाळ्याच्या संध्याकाळी चार माणसांनी एकत्र बसून एखाद्या विषयाचा ऊहापोह करावा, हा रिवाज महाराष्ट्रात रुजला. या व्यासपीठांवरून वेदान्तापासून शेतीच्या कर्जापर्यंत सर्व काही बोलले गेले आहे. आमचा आजचा विषय त्या मानाने फार लहान वाटेल. नव्या विजेच्या मोटारीची मागणी नोंदविताना चार्जिंगसंबंधी कोणते पर्याय घ्यावेत आणि कोणते सोडावेत, एवढाच तो आहे. कोणी म्हणेल, हा तर विक्रेत्याचा विषय. तो व्याख्यानमालेत कशाला? आमचे उत्तर असे की, ज्या वस्तूला दहा-पंधरा लाख रुपये पडतात, जी आठ-दहा वर्षे दारात उभी राहणार, तिचा निर्णय विक्रेत्याच्या मेजापाशी, चहा निवेपर्यंतच्या वेळात होतो. म्हणूनच तो आधी गावात, मोकळेपणी, चर्चून घेतला पाहिजे.

करमाडला हा विषय परका नाही. आपल्या एका अंगाला शेंद्र्याची औद्योगिक वसाहत आणि ऑरिक नगरी आहे. स्कोडाच्या मोटारी तेथे जोडल्या जातात. बिडकीनकडे आपले कारखाने उभारण्याचे टोयोटा-किर्लोस्कर व एथर या कंपन्यांनी २०२४ साली जाहीर केले. मोटारी एकजुटीने विकत घेण्याची तर या जिल्ह्याची ख्यातीच आहे. ऑक्टोबर २०१० मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेतील मंडळींनी एकदम दीडशे मर्सिडीज घेतल्या आणि देशभर त्याचा बोलबाला झाला. पुढे २०२२ साली तेथील उद्योजक व व्यावसायिकांनी ‘मिशन फॉर ग्रीन मोबिलिटी’ या नावाखाली सुमारे अडीचशे विजेच्या मोटारी घेण्याचा संकल्प सोडला. या दोन प्रसंगांत एक महत्त्वाचा फरक आहे. मर्सिडीज घेताना घासाघीस किमतीची होती. पेट्रोल कोठे भरायचे, हा प्रश्न कोणाला पडला नाही. विजेच्या मोटारीत मात्र किंमत ठरली म्हणजे निम्मेच काम झाले. ती खाणार कोठे, किती वेगाने आणि कोणत्या ताटात, हे मागणीच्या वेळीच ठरवावे लागते.

प्रथम एका शब्दाचा घोळ निस्तरू. ‘चार्जर’ हा शब्द आपण दोन निराळ्या वस्तूंना लावतो. एक म्हणजे भिंतीवरची पेटी. दुसरी वस्तू मोटारीच्या पोटात असते आणि दिसत नाही. घरात येणारी वीज एसी, म्हणजे उलटसुलट वाहणारी. बॅटरीला हवी असते डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी. हा पालट मोटारीच्या पोटातले यंत्र करते. खरा चार्जर तोच. भिंतीवरची पेटी ही बहुतांशी एक शहाणे बटण आहे. मोटारीशी बोलणी करून वीज सोडणे आणि काही बिघडले तर ती तोडणे, एवढेच तिचे काम.

आपल्या पाणचक्कीचे उदाहरण घ्या. दूरच्या डोंगरातले पाणी मातीच्या नळांतून शहरात आणले आणि त्यावर जाते फिरविले. आता समजा, त्या नळाचा एखादाच टप्पा निमुळता ठेवला असता. तर बाकीचा नळ कितीही रुंद असो, चक्कीवर पाणी त्या निमुळत्या टप्प्याच्या मापानेच पडले असते. विजेचेही तसेच. रस्त्यावरची तार, घरचे मीटर, भिंतीवरची पेटी, केबल आणि मोटारीच्या पोटातला चार्जर, या साखळीत जो सर्वांत अशक्त, त्याच्या वेगाने मोटार भरते. अकरा किलोवॅटची पेटी भिंतीवर लावून ३.३ किलोवॅटची मोटार तिला जोडली, तर मोटार ३.३ च्याच चालीने भरेल. वरचा पैसा भिंतीवर टांगलेला राहील.

यातून निवडीचे पहिले सूत्र निघते. जे मागाहून बदलता येते आणि जे येत नाही, त्यांच्या दोन याद्या कराव्या. भिंतीवरची पेटी, तार, मंजूर वीजभार आणि छतावरचा सौर संच हे सर्व पुढच्या वर्षीही करता येते. पोटातला चार्जर, बॅटरीचे आकारमान, जलद डीसी चार्जिंगची सोय, आणि मोटारीतून घराला उलट वीज देण्याची सोय, या गोष्टी कारखान्यातून येतात त्या येतात. डोके खर्च करायचे ते या दुसऱ्या यादीवर. विक्रेत्याचा आग्रह मात्र पुष्कळदा पहिल्या यादीसाठी असतो.

आता आकडे पाहू. मे २०२२ मध्ये टाटांची नेक्सॉन ईव्ही मॅक्स आली, तेव्हा तीच मोटार ३.३ किंवा ७.२ किलोवॅटच्या चार्जरसह मिळत होती, आणि दोहोंत पन्नास हजार रुपयांचा फरक होता. महिंद्रांनी नोव्हेंबर २०२४ मध्ये बीई ६ आणली, तेव्हा घरी बसवायच्या ७.२ किलोवॅटच्या चार्जरला पन्नास हजार आणि ११.२ किलोवॅटच्या चार्जरला पंचाहत्तर हजार असा वेगळा आकार होता. किमती बदलत राहतील. प्रश्न बदलणार नाही. हे पन्नास हजार कोणी द्यावे आणि कोणी देऊ नयेत?

किलोवॅट म्हणजे काय, हे करमाडच्या माणसाला समजाविण्याची गरज नाही. पाच हॉर्सपॉवरचा पंप सुमारे पावणेचार किलोवॅट ओढतो. तेव्हा ३.३ चा चार्जर म्हणजे जवळजवळ एक पंप, आणि ७.२ चा म्हणजे दोन पंप एकदम. पहिला पंधरा-सोळा अँपिअरच्या जाड तीन पिनांच्या सॉकेटवर चालतो. दुसऱ्याला बत्तीस अँपिअरची स्वतंत्र लाइन लागते. अकरा किलोवॅटला तर थ्री फेज जोडणीच हवी. साडेचाळीस युनिटांची रिकामी बॅटरी ३.३ च्या वेगाने भरण्यास नुसत्या भागाकाराने सव्वाबारा तास, ७.२ च्या वेगाने पावणेसहा तासांच्या आत. वाटेतली गळती धरून दोन्हीकडे थोडे अधिक.

पण रोज बॅटरी रिकामी होते कोणाची? हाच मुद्दा विसरला जातो. करमाडहून शहर वीस किलोमीटरच्या आसपास, जालना त्याच्या दुप्पट. साधारण मोटार एका युनिटात सहा-सात किलोमीटर जाते असे धरा. शेंद्र्याच्या कारखान्यात नोकरीस जाऊन येणाऱ्याला दिवसाला तीन-चार युनिटे पुरतात. मंद चार्जरला ते तासा-सव्वा तासाचे काम. शहरात दुकान किंवा दवाखाना असणाऱ्याला आठ-नऊ युनिटे, म्हणजे तीन तास. हे दोघेही जेवून निजले की मोटार त्यांच्याआधी तृप्त होते. यांनी पन्नास हजार देणे म्हणजे दोन घागरी पाण्यासाठी विहिरीवर दहा हॉर्सपॉवरचा पंप बसविणे होय.

तिसरा गृहस्थ भाड्याची मोटार चालवितो. चिकलठाण्याचे विमानतळ, वेरूळ, परत शहर, असे दिवसाला दोनशे किलोमीटर त्याला पडतात. म्हणजे तीस युनिटे. मंद चार्जरवर नऊ-दहा तास. त्याची रात्र तेवढी लांब नसते. त्याने वेगवान चार्जर डोळे मिटून घ्यावा. घरी न भरलेले युनिट त्याला रस्त्यावर, घरच्यापेक्षा बऱ्याच चढ्या दराने घ्यावे लागेल, आणि तेथे खोळंबलेला तास तर कोणी परत देत नाही.

चौथा गृहस्थ वस्तीवर राहतो. त्याचे अंतर थोडे आहे, पण वीज बेभरवशाची. पुष्कळांचा समज असा की, त्याला मंद चार्जर पुरे. आम्हांला येथे थोडे थांबावेसे वाटते. वीज चारच तास नीट मिळणार असेल, तर त्या चार तासांत बारा-तेरा युनिटे घ्यायची की पंचवीसच्या वर, हा प्रश्न महत्त्वाचा होतो. म्हणून वेगवान चार्जरची गरज रोजच्या अंतराबरोबर विजेच्या हुकमी तासांवरूनही ठरते. मात्र त्याच्या लाइनवर संध्याकाळी दाब पडत असेल, दिवे मिणमिणत असतील, तर बत्तीस अँपिअरचा भार तेथे टिकणार नाही. त्याने आधी वायरमनकडून व्होल्टेज मोजून घ्यावे, मग मागणी नोंदवावी. आणि एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे: शेतीपंपाची जोडणी शेतीसाठी आहे. तिच्यावर मोटार भरणे हे नियमाविरुद्ध आहे, आणि ज्या रोहित्रावर शेजाऱ्याचा ऊस किंवा मोसंबी अवलंबून आहे, ते जळाले तर त्याची भरपाई आपली मोटार करणार नाही.

लांबच्या प्रवासाची गोष्ट निराळी. रस्त्यावरचे जलद चार्जिंग डीसी असते. ते पोटातल्या चार्जरला वळसा घालून थेट बॅटरीत वीज सोडते. म्हणून ७.२ चा चार्जर घेतल्याने समृद्धी महामार्गावर एक मिनिटही वाचत नाही. तेथे पाहायचे ते हे की, मोटार डीसी घेते का, आणि जास्तीत जास्त किती किलोवॅटने घेते. सर्वच मोटारी घेत नाहीत. २०२३ साली आलेल्या चिमुकल्या एमजी कॉमेटला ही सोय नव्हती, कारण ती शहरात फिरण्यासाठीच होती. ज्याला पुण्यास वा नागपुरास जायचे, त्याने या रकान्यावर बोट ठेवून विचारावे. ऐंशी टक्क्यांनंतर वेग मंदावतो, म्हणून प्रवासात पूर्ण भरण्याचा हट्टही धरू नये.

अंगणातल्या गोष्टीही विचारात घ्याव्यात. चार्जिंगचे तोंड काही मोटारींच्या नाकाशी असते, काहींच्या मागच्या चाकावर. आपल्या दारात मोटार सरळ लागते की उलटी? केबल ओसरीवरून जाणार की वाटेवरून, जेथून पोरे धावतात आणि शेळ्या जातात? रात्री ती जोडण्याचे काम घरात ज्यांच्याकडे येणार, त्या भगिनींना सौद्याच्या वेळी विचारले जाते का? केबल पाच मीटर की सात, हा प्रश्न त्या पुरुषांपेक्षा लवकर विचारतील, असा आमचा विश्वास आहे.

आणि आता सर्वांत कंटाळवाणी, पण जिवाची गोष्ट: अर्थिंग. आपली जमीन मुरमाड, खाली काळा पाषाण. उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो आणि तार नुसती नावाला उरते. पंखा अशा घरातही फिरतो, म्हणून आपल्याला ते कळत नाही. मोटार मात्र तासन् तास पूर्ण भाराने वीज ओढते. अर्थिंग नसेल तर पुष्कळ मोटारी भरण्यासच नकार देतात, आणि तो नकार म्हणजे उपकार समजावा. स्वतंत्र जाड तांब्याची तार, स्वतंत्र एमसीबी, गळती होताच वीज तोडणारा आरसीसीबी आणि मोजून पाहिलेले अर्थिंग, यांवर खर्च करताना हात आखडू नये. एक्स्टेन्शन बोर्डावर मोटार कधीही लावू नये. घरच्या जोडणीवर मोटार भरण्यास केंद्र शासनाच्या जानेवारी २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनी स्पष्ट मुभा दिलेली आहे. पण मुभा म्हणजे सुरक्षितता नव्हे. मंजूर भार अपुरा असेल, तर महावितरणकडे अर्ज करून तो वाढवावा, आणि तोही मोटार येण्यापूर्वी.

मंद चार्जर घेऊन वाचलेल्या पन्नास हजारांचे काय करावे, हेही सुचवितो. पंतप्रधान सूर्यघर योजनेत २०२४ पासून तीन किलोवॅटच्या घरगुती संचाला अठ्ठ्याहत्तर हजार रुपये अनुदान आहे. असा संच आपल्या उन्हात चांगल्या दिवशी बारा युनिटांच्या आसपास वीज देतो. आपण वर पाहिलेल्या दुकानदाराची दिवसाची गरज त्यात भागून उरते. शिवाय ३.३ चा चार्जर आणि तीन किलोवॅटचे छत यांची जोडी बरोबर जमते. २०२५ पासून स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकाला दिवसाच्या विजेत सवलतही मिळू लागली. ज्याची मोटार दुपारी घरी असते, त्याला मंदपणाच फायद्याचा.

तात्पर्य, विक्रेत्याकडे जाण्यापूर्वी एका कागदावर पाच गोष्टी लिहून न्याव्यात: रोजचे अंतर, मोटार घरी उभी राहते ते तास, विजेचे खात्रीचे तास व दाब, वर्षातून किती वेळा लांबचा प्रवास, आणि मोटार उभी करण्याची जागा. हा कागद हाती असला की पर्यायांची यादी आपोआप लहान होते. कागद नसला, तर यादी लांबते आणि तिच्याबरोबर बिलही.

आमच्या पूर्वजांनी बैल घेताना दात मोजले, चाल पाहिली, आणि त्याआधी आपल्या गोठ्यात वैरण किती, याचा हिशेब केला. विजेच्या मोटारीलाही हाच न्याय लावावा, एवढेच आमचे सांगणे.