धुपणी या एका शब्दामागे



 गडचिरोलीतल्या या परिषदेला येताना तुमच्यापैकी अनेकांची रात्र रेल्वेत आणि सकाळ बसमध्ये गेली आहे, हे मला ठाऊक आहे. परिषद पुण्याला किंवा नागपूरला भरवणं सोपं होतं. पण योनिमार्गाच्या संसर्गाविषयी बोलायचं तर याच जिल्ह्यातल्या दोन गावांपासून सुरुवात करायला हवी, म्हणून आम्ही, स्वागत समितीने, हट्ट धरला.

वसा आणि अमिर्झा ही ती दोन गावं. डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या 650 स्त्रियांची तपासणी केली. तो अभ्यास जानेवारी 1989 मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये छापून आला. 92 टक्के स्त्रियांमध्ये एक तरी स्त्रीरोग आढळला. त्या आजारांपैकी निम्मे जननमार्गाच्या संसर्गाचे होते. मला मात्र याच अभ्यासातले आणखी दोन आकडे जास्त अस्वस्थ करतात. 45 टक्के स्त्रियांची काहीच तक्रार नव्हती, आणि आधी कधी स्त्रीरोगाची तपासणी व उपचार झालेल्या स्त्रिया होत्या फक्त 8 टक्के. बाई सांगत नाही, आम्ही बघत नाही आणि दुखणं तसंच राहतं.

सांगते तेव्हाही काय सांगते? ‘धुपणी जाते.’ ‘अंगावरून पांढरं जातं, कंबर भरून येते, हातपाय गळतात.’ तिच्या या एका शब्दात बुरशी, म्हणजे कँडिडा, असू शकते, बॅक्टेरियल व्हजायनोसिस असू शकतो, ट्रायकोमोनास असू शकतो, गर्भाशयमुखाचा संसर्ग किंवा कर्करोगही असू शकतो. पाळीच्या मध्यावर जाणारा अगदी निरोगी स्रावही असू शकतो. गोव्यात 2,494 स्त्रियांवर झालेल्या अभ्यासात तर या तक्रारीचं नातं जंतूंपेक्षा मनावरच्या ताणाशी अधिक घट्ट दिसलं. तिथे कँडिडाची गोळी देणं म्हणजे तिचं बोलणं मध्येच तोडणं.

प्रॅक्टिसच्या पहिल्या काही वर्षांत मीही टेबलापलीकडूनच निदान करत असे. बाहेर साठ बाया बसलेल्या, तपासणीच्या खोलीचं दार नीट लागत नाही, आणि समोरची बाई ‘खाज येते’ म्हणाली की माझा हात बुरशीच्या औषधाकडे जायचा. एका बाईला सहा महिन्यांत तीनदा तेच औषध दिलं. चौथ्यांदा ती आली तेव्हा मी स्पेक्युलम घातलं, पीएचची पट्टी लावली आणि सलाइनच्या थेंबातली स्लाइड पाहिली. ट्रायकोमोनास नाचत होते. नवरा-बायको दोघांनी औषध घेतलं आणि त्रास थांबला. पण त्या सहा महिन्यांत ती अंथरूण वेगळं टाकून झोपत होती आणि घरात तिच्याविषयी काय बोललं जात होतं, ते तिने नंतर सांगितलं. ती चूक माझी होती.

उलट बाजूची चूकही तितकीच घातक. तपासणी न करता ‘हा लैंगिक संबंधातून आलेला आजार आहे, नवऱ्यालाही गोळ्या द्या’ असं सांगितलं आणि प्रत्यक्षात तो साधा बॅक्टेरियल व्हजायनोसिस निघाला, तर संशयाची झळ कुणाला लागते हे इथे बसलेल्या प्रत्येक आशाताईला माहीत आहे.

अनुभवी डॉक्टरला रंग आणि वास पाहून कळतं, असं आपण मानतो. पुस्तकात कँडिडाचा स्राव दह्यासारखा, ट्रायकोमोनासचा हिरवट फेसाळ आणि व्हजायनोसिसचा राखाडी, माशासारख्या वासाचा असतो. समोरची बाई पुस्तक वाचून आलेली नसते. खाज कँडिडा आणि ट्रायकोमोनास दोन्हींत येते, स्राव मिसळतात, कधी दोन संसर्ग एकत्र असतात. अमेरिकेत स्वतःच दुकानातून बुरशीचं औषध विकत घेणाऱ्या 95 स्त्रियांची तपासणी झाली, तेव्हा केवळ कँडिडा सापडला तो सुमारे एक तृतीयांश जणींत. तिथल्याच, 2009 साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात 535 स्त्रियांचं वैद्यकीय निदान डीएनए चाचणीशी ताडून पाहिलं. निदानाची संवेदनशीलता 81 ते 85 टक्के भरली. म्हणजे संसर्ग असलेल्या शंभरातल्या पंधरा ते एकोणीस जणी निसटल्या. हे तपासून केलेलं निदान होतं. मग नुसतं ऐकून गोळ्या लिहिणाऱ्यांचं किती चुकत असेल?

मोठी यंत्रं सगळीकडे येतील तेव्हा येतील. आज आपल्या हातात अॅम्सेलचे 1983 सालचे चार निकष आहेत: पातळ एकसारखा स्राव, 4.5 पेक्षा जास्त पीएच, केओएचचा थेंब टाकताच येणारा वास, आणि सूक्ष्मदर्शकाखाली क्लू सेल. चारांपैकी तीन जुळले की बॅक्टेरियल व्हजायनोसिस. पीएचसाठी नमुना बाजूच्या भिंतीवरून घ्या. गर्भाशयमुखाचा श्लेष्मा, रक्त किंवा वीर्य लागलं की आकडा चढतो आणि निदान चुकतं. ट्रायकोमोनासची स्लाइड लगेच पाहा. तो थंड होऊन हलायचा थांबला की पांढऱ्या पेशींत हरवून जातो, आणि ही सलाइनची स्लाइड अगदी ताजी असली तरी बरेच रुग्ण सुटतात. म्हणून ‘दिसला नाही’ याचा अर्थ ‘नाही’ असा लिहू नका.

लक्षणांवरून उपचार करण्याच्या पद्धतीविषयी आज इथे वाद होईल, आणि तो व्हावा. जिथे सूक्ष्मदर्शक नाही, बाई पुन्हा येईल याची खात्री नाही, तिथे योनिस्रावावरच्या औषधांच्या हिरव्या किटने अनेकींना आराम दिला आहे, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. पण ज्या आरोग्य केंद्रात मलेरियासाठी सूक्ष्मदर्शक रोज चालतो, तिथेही स्रावाची स्लाइड बनत नसेल तर अडचण साधनांची उरत नाही. आणि किट हातात देण्याआधी स्पेक्युलम घातलंच नाही, तर गर्भाशयमुखावरची जखम कोण पाहणार?

प्रयोगशाळेतल्या मंडळींना आम्ही या वेळी मुद्दाम पहिल्या रांगेत बसवलं आहे. ग्रॅम रंगवलेल्या स्लाइडवरून 0 ते 10 गुण देणारी न्यूजंटची पद्धत 1991 पासून आहे. ती वाचणारे डोळे आपल्याकडे यांचेच आहेत.

जेवण साडेबाराला आहे.  दुपारी साडेतीनला शेजारच्या रुग्णालयात सूक्ष्मदर्शकाचं सत्र ठेवलं आहे. तिथे तीन बाया नमुना द्यायला आपणहून तयार झाल्या आहेत. त्यांची तपासणी पडद्याआड, त्यांच्या ओळखीच्या सिस्टरसमोर होईल. आपल्यापर्यंत फक्त स्लाइड येईल. शेवटच्या बसआधी त्यांना निदान आणि औषध दोन्ही मिळेल, असा शब्द मी दिला आहे. तेव्हा साडेतीनला कृपया वेळेवर या.