कॅट बांधताना



अध्यक्षाने आधी इतिहास सांगावा असा रिवाज आहे, तो चटकन उरकतो. मेलात की सगळं गेलं, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात, ही शिस्त 1980 च्या 'रोग' या खेळाची. खेळता खेळता आपला कॅट बांधण्याची रीत 2008 मध्ये डोनाल्ड व्हॅकारिनो यांच्या 'डोमिनियन'ने रुजवली. सिएटलच्या मेगा क्रिटमधल्या अँथनी जोव्हानेटी आणि केसी यानो यांनी या दोहोंची मोट 'स्ले द स्पायर'मध्ये बांधली. जानेवारी 2019 मध्ये तो पूर्ण रूपात आला. नंतर 'बलाट्रो'सारखे झकास खेळ निघाले, तरी मी आज 'स्पायर'पुरतंच बोलणार आहे, कारण इथले बहुतेक जण तिथेच मरतात.

मेंढीकोटात वाईट पत्ते आले म्हणून कुरकुर करता येते. इथे कॅट आपण स्वतः बांधलेला असतो. तरीही हरल्यावर आपण नशिबाला बोल लावतो. नशिबाचा वाटा असतोच, पण तो आपण सांगतो त्यापेक्षा बराच लहान असतो.

लढाई जिंकली की तीन कार्डं समोर येतात. नवखा माणूस त्यांतलं सगळ्यात चांगलं कोणतं ते पाहतो. मी पाहतो ते येत्या पाच-सहा मजल्यांवर मला कोण मारणार आहे. आयर्नक्लॅड या पात्राचंच घ्या. 80 जीव, 10 कार्डं: पाच स्ट्राइक, चार डिफेन्ड, एक बॅश. सहाव्या मजल्याच्या आधी एलिट, म्हणजे तगडा शत्रू, भेटत नाही, म्हणजे तयारीला तेवढाच अवधी. आणि पहिल्या अंकातला एक एलिट आहे ग्रेमलिन नॉब. पहिल्या टर्नला तो नुसता डरकाळी फोडतो. त्यानंतर तुम्ही जितकी स्किल कार्डं खेळाल, तितक्या वेळा त्याची ताकद 2 नी वाढते. आता त्याचा 14 चा घाव येतोय आणि तुम्ही घाबरून दोन डिफेन्ड टाकलीत. ब्लॉक झाला 10, पण घाव झाला 18. त्या टर्नला वाचले फक्त 6, आणि इथून पुढे प्रत्येक घाव 4 नी जड. त्याचा ऐंशीच्या वरचा जीव भराभर उतरवण्याखेरीज उपाय नाही. म्हणून पहिल्या चार-पाच मजल्यांवर दोन-तीन दणकट अटॅक कार्डं घ्यावीत, भले ती पुढे कॅटमध्ये अडगळ ठरोत. तिसऱ्या अंकात शोभणारं देखणं पॉवर कार्ड त्या वेळी घेणं म्हणजे बाजारात तुरी.

याच्या उलट 'कॅट सडपातळ ठेवा' हा मंत्र सगळीकडे जपला जातो. त्यात तथ्य आहे. टर्नला पाच कार्डं हातात येतात, म्हणून 10 च्या कॅटमध्ये बॅश दर दोन टर्नला भेटतं, 25 च्या कॅटमध्ये पाचांतून एकदा. पण मंत्र झाला की विचार थांबतो. टाइम ईटर या बॉससमोर बारावं कार्ड खेळलं की तुमची टर्न तिथेच संपते आणि त्याची ताकद वाढते. स्वस्त कार्डांची माळ लावणारा चपळ कॅट तिथे धापा टाकतो. अंकाच्या शेवटी कोणता बॉस आहे हे मॅपवर पहिल्या क्षणापासून दिसतं. ते न पाहता वाट निवडणाऱ्यांची मला खरोखर कीव येते. दुकानात कार्ड काढून टाकायला पहिल्यांदा 75 सोन्याची नाणी पडतात, पुढे दर वेळी 25 जास्त. एखादं स्ट्राइक काढायला एवढे पैसे घालवणं मला बहुधा पटतं. डिफेन्डला हात लावताना मात्र मी दहादा विचार करतो.

आता जीव. जीव हा साठवायचा नसून खर्चायचा असतो. आयर्नक्लॅडला तर प्रत्येक लढाईनंतर 6 परत मिळतात. शेकोटीवर झोपलात तर 30 टक्के जीव भरतो, पण तिथेच बॅश घडवून घेतलं तर ते 8 ऐवजी 10 ची इजा करतं आणि समोरच्याला दोनऐवजी तीन टर्न दुबळं ठेवतं. तेवढा वेळ तुमचा प्रत्येक घाव दीडपट लागतो. पुढच्या लढाईत मरणार नसाल तर झोपू नका. एलिटच्या वाटेनेही जा, कारण तिथे रेलिक हमखास मिळते.

पोशनबद्दल बोललंच पाहिजे. जागा तीन, त्या भरल्या की नवी बाटली घ्यायला जुनी फेकावी लागते. तरीही माणसं तिन्ही बाटल्या उराशी कवटाळून बॉसपुढे मरतात. काटकसरीचे संस्कार, दुसरं काय! एलिटच्या दारात एक बाटली फोडली आणि 15 जीव वाचला, तर पुढची शेकोटी झोपेऐवजी कार्ड घडवण्याला मिळते.

राहता राहिला रुनिक डोम या रेलिकचा वाद. दर टर्नला एक एनर्जी जास्त, आणि बदल्यात शत्रू काय करणार ते दिसेनासं होतं. माझ्या मते ज्याला शत्रूंच्या चालींचा क्रम तोंडपाठ आहे त्याने ती बेधडक घ्यावी, इतरांनी तिच्या वाटेला जाऊ नये. दुपारच्या परिसंवादात या मुद्द्यावर माझ्यावर तुटून पडणारे दोघे-तिघे समोरच बसलेले दिसतायत. त्यांना आत्ताच सांगून ठेवतो, नॉबसमोर डोम घेऊन उभं राहण्याचा दाखला चालणार नाही, कारण बॉसची रेलिक हाती येते तेव्हा बहुधा पहिला अंक संपलेला असतो.