गणित कुठे सुटतं?

(नववी-दहावीच्या मुलींच्या पालकांसाठी भरलेल्या मेळाव्यात केलेलं भाषण. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)

मैत्रिणींनो, आणि आज मुलींबरोबर मुद्दाम आलेल्या सात-आठ वडलांनो,

मी गणिताची शिक्षिका नाही. समाजकार्याचं शिक्षण घेतलं, एम.एस.डब्ल्यू. केलं, आणि गेली दहा वर्षं वस्तीत आणि आसपासच्या गावांत किशोरवयीन मुलींबरोबर काम करते आहे. तेव्हा मी फळ्यावर काही सोडवून दाखवणार नाही. मुलींच्या हातून गणित कुठे सुटतं आणि ते सोडायचं कोण ठरवतं, एवढंच बोलणार आहे.

दहावीचा निकाल लागला की आमच्या कार्यालयात रीघ लागते. मुलगी गप्प उभी असते, बोलतो तो बरोबर आलेला मोठा माणूस. "हिला आर्ट्सला घालतोय. हिचं गणित कच्चं आहे." मी विचारते, किती पडले? कधी बेचाळीस असतात, कधी छप्पन्न. एकदा तर एकाहत्तर होते. एकाहत्तरला कच्चं म्हणायचं तर पिकलेलं कशाला म्हणायचं? आणि त्याच घरात भावाला पंचेचाळीस पडले होते, तर त्याला सायन्सला घालून वर क्लास लावलेला. त्याचं गणित कच्चं नव्हतं, त्याचं 'लक्ष नव्हतं'.

हा भेद आजचा नाही. पुण्यात १८८४ साली मुलींचं हायस्कूल निघालं, तेव्हा मुलींना मुलांसारखाच अभ्यासक्रम का शिकवता म्हणून वर्तमानपत्रांतून केवढं काहूर उठलं होतं. पुढे जुन्या अकरावीच्या मॅट्रिकलाही मुलींना बीजगणित-भूमिती टाळून नुसतं अंकगणित आणि गृहशास्त्रासारखे विषय घेण्याची सोय होती. सोय म्हणायची, पण ती कोणाची? मुलामुलींच्या अभ्यासक्रमात फरक असावा का, हे पाहायला हंसाबेन मेहतांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली होती. असा फरक नको, असं तिने साठच्या दशकाच्या सुरुवातीला स्पष्ट सांगितलं. कोठारी आयोगानेही (१९६४-६६) पहिल्या दहा वर्षांत गणित आणि विज्ञान सगळ्यांना सक्तीचं करा म्हटलं. दहा अधिक दोन पद्धत आली आणि दहावीपर्यंत गणित सर्वांच्या वाट्याला आलं. म्हणजे आज तुमची मुलगी दहावीपर्यंत बीजगणित शिकते ती कोणाच्या कृपेने नाही. त्यासाठी बायकांनी भांडण केलेलं आहे.

कायद्याने जे दहावीपर्यंत धरून ठेवलंय, ते घर अकरावीच्या दारात सोडून देतं. आणि खरं तर त्याच्याही आधी सुटायला लागलेलं असतं.

दोन वर्षांपूर्वी एका शाळेत मला नववीच्या मुलींचे मार्क आणि त्यांचा हजेरीपट शेजारी-शेजारी ठेवून बघायची संधी मिळाली. इतिहासाचे मार्क आणि हजेरी यांचा फारसा मेळ लागेना. मराठीचाही नाही. गणिताचे मार्क मात्र हजेरीच्या मागोमाग चाललेले. विचार केल्यावर ते अगदी उघड आहे. शिवाजी महाराजांचा धडा चुकला तर मुलगी घरी वाचू शकते, पुढचा धडा तिला कळतो. गणित तसं नाही. ते जिन्यासारखं आहे. आठवीत बैजिक राशींचे अवयव शिकवतात. तो आठवडा चुकला तर दहावीत वर्गसमीकरण अडतं, कारण ते सोडवायची पहिली रीत अवयव पाडण्याचीच. दोन चलांतील रेषीय समीकरणं नववीत येतात, दहावीत पुन्हा येतात, आणि नववीत ज्याचा पाय घसरला तो दहावीत नुसता वहीत उतरवून घेतो. समरूपता कळली नाही तर त्रिकोणमितीत साइन-कोसाइन हे नुसते पाठ करायचे शब्द होतात.

आता आठवून बघा, घरात कुणी आजारी पडलं तर कोण राहतं घरी? लहान भावंडाला सांभाळायला कोण थांबतं? मावशीच्या मुलीच्या लग्नात आठ दिवस आधी कामाला कोण जातं? शाळेच्या संडासात पाणी नाही म्हणून महिन्यातले चार दिवस कोण जात नाही? कांदा लावणीला कोण? ही सगळी गैरहजेरी इतर विषयांत लपते, गणितात उघडी पडते. आणि मग आपण म्हणतो, पोरींना गणित जमत नाही. तिचे महिन्याचे चार दिवस गेले, ते कुणी मोजत नाही.

तेव्हा माझी पहिली विनंती आठवी-नववीच्या आयांना आहे. मुलगी चार दिवस शाळेत गेली नाही तर आल्यावर आधी गणिताची वही भरून घ्या. नुसती उतरवून नव्हे, मैत्रिणीजवळ बसून, शिक्षकांना विचारून. बाकीचे विषय थांबतील. आणि "मला कुठे गणित येतं, मी काय बघणार" असं म्हणू नका. बचत गटात शंभराला महिना दोन रुपये म्हणजे वर्षाला चोवीस टक्के, हे तुम्ही मला बोटांवर सांगता. दहावीच्या पुस्तकात अर्थनियोजन नावाचं प्रकरण आहे, जीएसटीचं आणि शेअर्सचं. एकदा मुलीशेजारी बसून बघा, त्यातलं निम्मं तुमच्या ओळखीचं निघेल.

आता सोपी वाट देण्याबद्दल. आपल्या राज्य मंडळात मधली काही वर्षं 'सामान्य गणित' असा पर्याय होता. २०१७-१८ पासून तो नववीला बंद झाला आणि पाठोपाठ दहावीलाही. नापासाची भीती कमी व्हावी हा हेतू चांगला होता, हे मी नाकारत नाही. पण तो घेतला की अकरावीला गणिताची वाट बंद होते, हे नववीतल्या पोरीला कोणी समजावून सांगत नव्हतं. सीबीएसईने २०१९-२० पासून दहावीला 'स्टँडर्ड' आणि 'बेसिक' अशा दोन परीक्षा ठेवल्या. अभ्यासक्रम एकच, प्रश्नपत्रिका निराळी. बेसिकवाल्याला अकरावीला गणित नाही, अशी मूळ अट होती. महासाथीच्या वर्षात ती सैल केली. तुमची मुलगी सीबीएसईत असेल तर एवढंच बघा: बेसिक तिने निवडलं, की शाळेने आपला निकाल चांगला दिसावा म्हणून तिच्या नावापुढे लिहिलं?

आता अकरावीकडे येते. इथे मला जरा जास्त वेळ द्या.

२०२५ सालापासून अकरावीचे प्रवेश सगळ्या राज्यात ऑनलाइन झाले. अर्जाचे दोन भाग. दुसऱ्या भागात शाखा आणि कॉलेजांचा पसंतीक्रम, जास्तीत जास्त दहा. बहुतेक घरांत हा दुसरा भाग नेटकॅफेत भरला जातो. भरतो चुलत भाऊ किंवा मामा, मुलगी मागे उभी. मी एका मुलीला विचारलं, तुझी पहिली पसंती कुठली? ती म्हणाली, "दादाला माहीत आहे."

कॉलेज ठरलं की विषय आपोआप ठरतात, हे दादाला माहीत नसतं. जवळच्या कॉलेजात फक्त कला शाखा असेल तर प्रश्नच मिटला. मंडळाच्या नियमाप्रमाणे कलाशाखेतही गणित घेता येतं, पण शिकवायला कॉलेज तयार हवं. कॉमर्सला गणित किंवा चिटणिसाची कार्यपद्धती, असा पर्याय बऱ्याच ठिकाणी असतो आणि मुली सरसकट दुसरीकडे जातात, कारण 'पाठ करून होतं'. मग बारावीनंतर एखादीला सी.ए.कडे वळावंसं वाटलं की फाउंडेशनच्या परीक्षेत गणित आणि संख्याशास्त्र समोर उभं. दिल्ली विद्यापीठात अर्थशास्त्राची ऑनर्स पदवी घ्यायची तर बारावीला गणित लागतं. संगणकशास्त्राच्या पदवीला अनेक कॉलेजांत हीच अट. आमच्या एम.एस.डब्ल्यू.ला सुद्धा संशोधनाच्या पेपरात सरासरी आणि प्रमाण विचलन होतंच. समाजकार्यात आकडे नसतात या समजुतीने आलेल्या कितीतरी जणी तिथे रडकुंडीला आल्या.

सायन्समध्ये मुलींना जीवशास्त्राकडे ढकललं जातं. नर्सिंग बरं, फार्मसी बरी, डॉक्टर झाली तर सोन्याहून पिवळं. माझं नर्सिंगशी वैर नाही. पण भौतिक, रसायन, जीवशास्त्र यांच्या जोडीला गणितही ठेवता येतं, हे सांगा ना तिला. बी.फार्म.ला गणित किंवा जीवशास्त्र दोन्ही चालतं. इंजिनिअरिंगला मात्र गणिताशिवाय आपल्याकडची सीईटी देता येत नाही. दोन्ही ठेवलेली मुलगी बारावीनंतर कुठे जायचं ते ठरवू शकते. एकच ठेवलेलीचं अर्ध्याहून अधिक आधीच ठरलेलं असतं, तेही पंधराव्या-सोळाव्या वर्षी. ओझं पडतं हे खरं, मी ते कमी करून सांगत नाही. ज्या मुलीला घरी रोज दोन तास स्वयंपाक आहे तिच्यावर ते जास्त पडतं. मग ते दोन तास कमी करायचे की विषय, हे घराने ठरवावं.

गणित बारावीनंतर परत धरायचं म्हटलं तर फार अवघड जातं, आणि दारं उघडतात ती नेमकी बारावीपाशी. दोन उदाहरणं देते. २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने खडकवासल्याच्या एनडीएची परीक्षा मुलींना खुली झाली. ३० मे २०२५ रोजी सतरा मुलींची पहिली तुकडी तिथून बाहेर पडली. ते छायाचित्र आमच्या किती मुलींनी मोबाइलवर ठेवलंय! पण त्या लेखी परीक्षेत गणिताचा स्वतंत्र पेपर आहे, तीनशे मार्कांचा. आणि हवाई दल किंवा नौदल हवं तर बारावीला भौतिक आणि गणित असावंच लागतं. दुसरं उदाहरण फीचं. २०२४-२५ पासून आपल्या राज्यात वार्षिक आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या, इतर मागास, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि आर्थिक दुर्बल गटांतल्या मुलींना व्यावसायिक पदवी अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. घोषणा झाली तेव्हा वस्तीत पेढे वाटले. एक आई धावत आली, "ताई, आता हिला इंजिनिअर करते." मुलगी तेव्हा बारावी कला झालेली.

एक आडवाट आहे, ती विसरू नका. दहावीनंतर तीन वर्षांची तंत्रनिकेतनाची पदविका, आणि त्यानंतर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश. अकरावी-बारावीचं कॉलेज लांब असेल आणि तंत्रनिकेतनाला मुलींचं वसतिगृह असेल, तर ही वाट आमच्या मुलींना जास्त मानवते, असा माझा अनुभव आहे. गणित तिथेही पहिल्याच वर्षी आहे. पळवाट म्हणून जाऊ नये.

क्लासचं बोलायलाच हवं. अकरावीची परीक्षा कॉलेजची कॉलेजात होते, म्हणून कितीतरी कॉलेजं ते वर्ष नुसतं ढकलतात आणि थेट बारावी सुरू करतात. सीईटीत मात्र वीस टक्के प्रश्न अकरावीवर असतात. मग क्लास आला. बारावीपर्यंत मुलींना एस.टी.चा पास मोफत आहे, ही मोठीच गोष्ट आहे. पण क्लास सुटतो साडेसातला आणि आमच्याकडे शेवटची गाडी सहा पन्नासला. मुलाला वडील मोटरसायकलवर घ्यायला जातात, मुलीचा क्लास बंद होतो. एका गावात पाच आयांनी मिळून क्लासच्या सरांकडे जाऊन मुलींची बॅच सकाळी सातला करून घेतली. सर आधी कुरकुरले. पाच जणींची फी जाणार म्हटल्यावर सकाळ त्यांनाही चालू लागली.

काही मुलींना खरोखरच आकड्यांची अडचण असते, अध्ययन अक्षमता असते. त्यांच्यावर माझं हे भाषण लादू नका. २०१७ साली मुंबई उच्च न्यायालयात अशाच मुलांच्या याचिकेवर, दहावीचं गणित ऐच्छिक का नसावं, असा प्रश्न न्यायालयानेच विचारला होता. मंडळाच्या सवलती आहेत, त्यासाठी तपासणी करून प्रमाणपत्र घ्यावं लागतं. संशय असेल तर दहावीची वाट बघू नका. पण तपासणी न करता 'हिला जमतच नाही' हा शिक्का घरच्या घरी मारू नका. मुलांच्या बाबतीत तो इतक्या पटकन मारलेला मी पाहिलेला नाही.

मंगला नारळीकरांचं नाव इथे सगळ्यांना माहीत आहे. १९६४ साली त्या मुंबई विद्यापीठात गणितात एम.ए. झाल्या, सुवर्णपदक मिळवून. पुढे लग्न, परदेश, मुली, आणि पीएच.डी. झाल्या १९८१ साली. सतरा वर्षांनी परत धरता आलं, कारण सोडताना हातात एम.ए. होतं. आमच्या मुलींच्या हातात सोडताना दहावीचे पस्तीस असतात.

यंदा ज्यांच्या मुली दहावीत आहेत त्यांनी निघताना दारातल्या टेबलावरून कागद घेऊन जा. तालुक्यातल्या कोणत्या कॉलेजात अकरावीला गणिताचा शिक्षक खरोखर आहे आणि कुठे फक्त कागदावर आहे, ते आमच्या कार्यकर्त्यांनी जाऊन पाहून लिहिलं आहे. अर्जाचा दुसरा भाग भरायच्या आठवड्यात मी रोज दुपारी दोन ते पाच कार्यालयात बसणार आहे. दादाला आणा, मामाला आणा, हरकत नाही. पण खुर्चीवर मुलगी बसेल आणि माऊस तिच्या हातात असेल, एवढी आमची अट आहे.

मागच्या रांगेतल्या काकू मघापासून हात वर करून बसल्या आहेत. बोला काकू.