औषध लपवू नये
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले भाषण)



'जुनाट विकार आणि आयुर्वेद' या विषयावर आम्ही चार शब्द बोलावेत अशी आज्ञा कार्यवाहांनी केली, तेव्हा प्रथम आम्हांस संकोच वाटला. आम्ही वैद्य नव्हे, डॉक्टर तर नव्हेच. मॅट्रिकपर्यंत शिकून या जिल्ह्यातील प्राथमिक शाळांत मुलांना उजळणी व शुद्धलेखन शिकविण्यात आमचा जन्म गेला. परंतु या विषयात आमच्या हातून एक मोठी चूक घडली आहे. चूक ज्याच्या हातून घडली त्याने ती चारचौघांत सांगितली, तर ती दुसऱ्याच्या घरी टळू शकते. आज येथे उभे राहण्याचा आमचा अधिकार काय तो एवढाच.

आपल्या समाजात एकमेकांविषयी आपुलकी फार. लग्नाच्या मांडवात अथवा तेरवीच्या पंगतीत कोणाच्या मधुमेहाचा विषय निघाला, की पाच जण पाच औषधे सांगतात. कोणी आठवडी बाजारातून साल आणून देतो, तर कोणी जळगाव जामोदकडील सातपुड्याच्या पायथ्याची मुळी पाठवितो. यात कोणाचाही स्वार्थ नसतो. पण आपुलकीने दिलेले औषध हेही अखेर औषधच असते, आणि ते पोटात गेल्यावर देणाराचा हेतू पाहत नाही, हे आम्ही फार उशिरा शिकलो.

आमच्या थोरल्या वहिनींनी आम्हांस लहानाचे मोठे केले. त्यांना वयाच्या साठीनंतर मधुमेह व रक्तदाब दोन्ही जडले. डॉक्टरांच्या गोळ्या नियमित चालू होत्या, तरी साखर पुरती आटोक्यात येत नव्हती. सात वर्षांपूर्वी एका यात्रेत एका विक्रेत्याकडून आम्ही मधुमेहावरील चूर्णाची मोठी पुडी घेतली. पुडीवर ना बनविणाराचे नाव, ना घटकांची यादी. 'शुद्ध वनस्पती आहे, अपाय काहीच नाही,' एवढे त्याचे शब्द आम्हांस पुरेसे वाटले. मास्तरांनी आणले म्हणजे ते चांगलेच असणार, असा वहिनींचा विश्वास. त्यांनी ते गोळ्यांच्या जोडीने सुरू केले. पंधरा दिवसांत साखर चांगलीच उतरली आणि आम्ही चार ठिकाणी त्या पुडीची वाखाणणी केली!

एके दिवशी पहाटे वहिनी उठल्या नाहीत. अंग घामाने भिजलेले, हाक मारली तरी ओ नाही. दवाखान्यात नेले तेव्हा रक्तातील साखर अवघी ३८ भरली. शिरेतून ग्लुकोज दिल्यावर त्यांनी डोळे उघडले. डॉक्टरांनी विचारले, "या गोळ्यांखेरीज आणखी काही चालू आहे काय?" आम्ही शेजारीच उभे होतो, पण आमची जीभ रेटली नाही. अखेर वहिनीच क्षीण आवाजात म्हणाल्या, "एक पुडी घेत होते. डॉक्टर रागावतील म्हणून बोलले नाही, भाऊजी." त्या क्षणी आम्हांस जी लाज वाटली, ती आजही उतरलेली नाही. पुडी आणणारे आम्ही, आणि खरे बोलण्याचे धैर्य मात्र त्या माउलीने दाखविले.

त्या चूर्णात काय होते ते आम्हांस कळले नाही. साखर उतरविणाऱ्या ॲलोपॅथिक गोळ्या कुटून अशा पुड्यांत मिसळल्याची उदाहरणे मात्र उघडकीस आली आहेत. सांधेदुखीच्या व दम्याच्या पुड्यांत स्टेरॉइड सापडले आहे. चूर्ण निर्भेळ असते तरी धोका संपत नाही. गुडमार अथवा कारल्याचा अर्क साखर थोडी उतरवितो, आणि त्याच वेळी गोळी किंवा इन्सुलिनही तेच कार्य करीत असते. दोन बैल एकाच दिशेने ओढू लागले आणि कासरा कोणाच्याच हाती नसला, तर गाडी खड्ड्यात जावयाचीच.

यावरून कोणी असे समजू नये की आम्ही आयुर्वेदाची निंदा करीत आहोत. उलट, आयुर्वेदाची औषधे सामर्थ्यवान आहेत म्हणूनच ती जपून घ्यावयाची. सर्पगंधेचेच पाहा. मुंबईचे डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या ५० रुग्णांवर या वनस्पतीचा प्रयोग करून १९४९ साली त्याचा वृत्तांत विलायतेतील हृदयरोगविषयक नियतकालिकात प्रसिद्ध केला, आणि जगाचे लक्ष आपल्या मुळीकडे वेधले. १९५२ साली तिच्यातून रेसर्पीन हे द्रव्य वेगळे करण्यात आले. पण त्याच औषधाने काही रोग्यांचे मन उदास होते, नाडी मंदावते, हेही पुढे अनुभवास आले. जे गुण देऊ शकते ते अवगुणही देऊ शकते. अजाण माणसाच्या हातचे औषध विषासमान होते, हा इशारा खुद्द चरकसंहितेच्या पहिल्याच अध्यायात दिलेला आहे. 'वनस्पती आहे, अपाय नाही,' हे वाक्य आयुर्वेदाचे नव्हे; ते यात्रेतील विक्रेत्याचे आहे.

आपल्याच जिल्ह्यातील अलीकडची घटना आपणांस स्मरत असेल. २०२४ च्या अखेरीस व २०२५ च्या आरंभी शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड, हिंगणा आदी गावांत माणसांचे केस एकाएकी गळू लागले. तर्क पुष्कळ झाले. कोणी पाण्यास दोष दिला, कोणी आणखी कशास. पुढे रक्ताची व धान्याची तपासणी करून डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी गव्हातील सेलेनियमच्या आधिक्याकडे बोट दाखविले. सेलेनियम हे द्रव्य निसर्गातलेच. शरीराला त्याची अत्यल्प गरजही असते. पण प्रमाण ओलांडले की तेच बाधते. निसर्गातले म्हणून निर्धोक, हा समज किती पोकळ आहे आणि तर्कापेक्षा तपासणी किती श्रेष्ठ, या दोन्ही गोष्टी त्या गावांनी आपणांस दाखवून दिल्या.

आता घराघरांत असलेल्या वस्तूंविषयी थोडे सांगतो. ज्येष्ठमध खोकल्याला उत्तम. पण रक्तदाबाच्या माणसाने तो रोज अनेक दिवस घेतल्यास दाब वाढतो व रक्तातील पोटॅशियम घटते. अश्वगंधेने थायरॉइडचा स्राव वाढू शकतो; ज्यांना त्या विकाराची गोळी चालू आहे त्यांनी ती परस्पर घेऊ नये. रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू असणाऱ्यांनी गुग्गुळ किंवा हळदीचे व लसणाचे अर्क विचारल्याखेरीज घेऊ नयेत. भाजीतील लसणास व हळदीस ही मनाई नाही. इसबगोल औषधाच्या गोळीबरोबरच घेतल्यास गोळी अंगी नीट लागत नाही. दोहोंत दोन तासांचे अंतर असावे. गुळवेलीविषयी २०२१ साली मुंबईच्या डॉक्टरांनी यकृतास इजा झालेल्या सहा रुग्णांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, की वनस्पतीची ओळख पटविलेली नाही, तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल असू शकते. वाद विद्वानांचा आहे. आपल्यापुरता बोध असा, की कुंपणावरची वेल ओळखल्याविना काढ्यात घालू नये आणि महिनोन्‌महिने काढे पीत राहू नये.

भस्मे व रसौषधी यांविषयी तर विशेष सावध असावे. अमेरिकेतील बॉस्टन येथील दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक औषधांची तपासणी २००४ साली प्रसिद्ध झाली. त्यांपैकी १४ औषधांत शिसे, पारा किंवा सोमल आढळला. शास्त्रोक्त शोधन-मारण केलेले भस्म निराळे, असे वैद्य म्हणतात. पण आपल्या हातातील पुडीत ते झाले आहे की नाही, हे डोळ्यांना दिसत नाही. ज्यांचे मूत्रपिंड दुबळे आहे त्यांनी, तसेच गर्भवती भगिनींनी, हा धोका पत्करूच नये. बिब्बा, बचनाग, कुचला, धोतरा, पारा, हिंगूळ ही द्रव्ये कायद्यानेच विषारी गणलेली आहेत; ती असलेल्या औषधाच्या वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना छापावी लागते. औषध घेताना परवाना क्रमांक, बनविणाराचा पत्ता, घटक व मुदतीची तारीख पाहावी. मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार, अपस्मार बरे करतो अशी जाहिरात करण्यास १९५४ च्या कायद्याने मनाई आहे. जो अशी जाहिरात करतो, तो पहिल्याच वाक्यात कायदा मोडतो. त्याच्या दुसऱ्या वाक्यावर विश्वास का ठेवावा?

मग करावे काय? आम्ही शिक्षक; आमचा उपाय वहीचाच. दवाखान्यातून परतल्यावर वहिनींसाठी आम्ही एक शंभरपानी वही आणली. डाव्या पानावर डॉक्टरांची औषधे, उजव्या पानावर वैद्यांची व घरगुती. प्रत्येकासमोर मात्रा, वेळ, कोणी दिले आणि कोणत्या तारखेपासून. शेवटच्या पानांवर साखर, रक्तदाब व मूत्रपिंडाच्या तपासणीचे आकडे. नियम असा केला, की डॉक्टरांकडे जाताना उजवे पान आधी दाखवावयाचे आणि वैद्यांकडे जाताना डावे. शस्त्रक्रिया ठरली तर वही सर्वांत आधी पुढे करावयाची. नवे औषध एका वेळी एकच सुरू करावयाचे, म्हणजे गुण किंवा अवगुण कशाचा ते कळते. आणि आयुर्वेदाने बरे वाटू लागले म्हणून डॉक्टरांची गोळी आपल्या मनाने कधीही बंद करावयाची नाही. इन्सुलिन, अपस्माराची औषधे, स्टेरॉइड व क्षयाची औषधे एकाएकी सोडणे जिवावर बेतू शकते. साखर उतरल्याची चिन्हे दिसली आणि रोगी शुद्धीवर असेल तर साखरपाणी द्यावे. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता तत्काळ दवाखाना गाठावा.

वहीचा अनुभव सांगतो. पहिल्यांदा ती दाखविताना वहिनींचा हात कापत होता. डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी चष्मा लावून दोन्ही पाने वाचली. नंतर आम्ही एका नोंदणीकृत वैद्यांकडे गेलो. त्यांनी डावे पान पाहून सांगितले, "साखरेवर तुमची गोळी चालू आहे, तेथे मी दुसरे औषध देत नाही. आहार, झोप व मलावरोध यांचे मी पाहतो." खरा वैद्य आपली मर्यादा जाणतो, आणि तीच त्याची ओळख. आज वहिनी पंचाहत्तरीच्या आहेत. साखर बेताची आहे आणि वही तिसरी चालू आहे.

बांधवहो, २०२४ साली आपल्या बुलढाण्यास शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. त्याच वर्षी आपल्याच जिल्ह्याचे खासदार श्री. प्रतापराव जाधव यांच्याकडे केंद्रात आयुष आणि आरोग्य अशा दोन्ही खात्यांचे राज्यमंत्रिपद आले. राज्यकारभारात ही दोन खाती एका माणसाच्या हाती नांदू शकतात. मग आपल्या घरातील औषधाच्या फडताळात त्यांनी एकमेकांपासून तोंड लपवून का राहावे?

आमची मंडळास एकच विनंती आहे. पुढील संमेलनात साठीवरील प्रत्येक सभासदास एक वही भेट द्यावी, आणि ती लिहिण्याचे काम घरातील नातवंडांनी करावे. नातवंडांचे अक्षर सुधारेल आणि आजी-आजोबांचे आयुष्य वाढेल. आमची चूक आपल्या उपयोगी पडली, तर वहिनींच्या ऋणातून आम्ही अंशतः तरी मुक्त झालो असे समजू.